कोइरेंगेई: इंफाळची जुनी धावपट्टी आणि आमच्या आजोबांचं ‘इमान’

माळरान

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मणिपूरला गेलो होतो. तेव्हा परमिट लागत नसे. इनर लाइन परमिट जानेवारी २०२० पासून आलं, आणि २०२३ नंतर तर तिकडे सहज उठून जाण्यासारखी परिस्थितीच राहिली नाही. त्यामुळे हे फोटो आता अल्बममधून काढून पुन्हा पुन्हा बघतो.

लोक इंफाळला लोकटाक सरोवर बघायला जातात, इमा कैथेलमध्ये बायकांचा बाजार बघतात. ते मीही केलं. पण मला जायचं होतं कोइरेंगेईला. शहरातून दिमापूरच्या रस्त्याने उत्तरेला निघालं की थोड्याच वेळात वस्ती विरळ होते आणि रस्त्याच्या कडेला एकदम सपाट, लांबच लांब मोकळी जागा लागते. रिक्षावाला म्हणाला, “हेच.” मी म्हटलं, “कुठे?” पाटी दिसेना, कुंपण दिसेना. डांबर जागोजागी उखडलेलं, त्यातून गवत वर आलेलं. एक पोरगा स्कूटर शिकत होता आणि त्याचा बाप मागून धावत ओरडत होता. दोन गाई धावपट्टीच्या ऐन मधोमध बसून रवंथ करत होत्या. १९४४ साली त्या जागी गाय बसली असती तर दोन मिनिटांत उडाली असती, कारण तेव्हा इथे दिवसभर विमानांची रांग लागलेली असे.

युद्धकाळात या धावपट्टीचं नाव ‘इंफाळ मेन’ होतं. खोऱ्यात एकूण सहा विमानतळ होते: इंफाळ मेन, पालेल, कांगला, तुलिहल, वांगजिंग आणि सापाम. त्यातले बारमाही दोनच, इंफाळ मेन आणि पालेल. बाकीचे पाऊस येईपर्यंतचे. पैकी तुलिहलचं पुढे आजचं बीर टिकेंद्रजीत विमानतळ झालं, म्हणजे आपण इंफाळला उतरतो ते तिथे. युद्धानंतर काही वर्षं प्रवासी विमानंही कोइरेंगेईलाच उतरायची, नंतर सगळं तुलिहलला गेलं आणि ही पट्टी पडून राहिली.

थोडक्यात पार्श्वभूमी. मार्च १९४४ मध्ये जनरल मुतागुचीच्या जपानी १५व्या सैन्याने ब्रह्मदेशातून चिंदविन नदी ओलांडून इंफाळ आणि कोहिमावर चाल केली. तीन डिव्हिजन, जवळपास ८५ हजार माणसं. बरोबर साधारण तीन आठवड्यांचं धान्य आणि हाकत आणलेली गुरं. म्हणजे इंफाळची कोठारं हातात पडतील, मग पोटभर खाऊ, असा हिशेब. २९ मार्चला त्यांनी कोहिमा-इंफाळ रस्ता तोडला. तो पुन्हा उघडला २२ जूनला, १०९व्या मैलाच्या दगडापाशी. मधले ८५ दिवस खोऱ्यात दीड लाखाहून जास्त सैनिक आणि ११ हजार जनावरं अडकून होती. खायचं काय? जे वरून येईल ते.

आता धागा काढण्याचं खरं कारण. माझे आईचे वडील फिफ्थ मराठाच्या चौथ्या पलटणीत होते. गाव कोरेगाव तालुक्यात. युद्धाबद्दल ते फारसं बोलत नसत, पण एक गोष्ट मात्र हमखास सांगत: “म्या इमानात बसून आलोय.” गावात त्यांची यावरून यथेच्छ टिंगल व्हायची. ज्याने आयुष्यात एसटीच्या पुढच्या सीटचं तिकीट काढलं नाही, तो १९४४ साली विमानात बसला? त्यात ते आणखी तपशील घालत, “आन् इमानात समदा कडबा पडल्याला.” मग तर हसून लोळायचे लोक. विमानात कडबा! मामा तर चिडवायला म्हणायचा, आबा, तुमचं इमान बैलं ओढत होती का?

त्यांचं डिस्चार्ज बुक आहे माझ्याकडे. अर्धं वाळवीने खाल्लंय. एका पानावर ‘जी.एस.डब्ल्यू. लेफ्ट थाय’ आणि त्याखाली ‘४-४४’ एवढं वाचता येतं. बाकी काही नाही.

कोइरेंगेईला त्या उखडलेल्या डांबरावर उभा राहिलो तेव्हा वाटलं, आबा खरं बोलत असतील तर? इथे लष्करातले, इतिहासवाले बरेच जण आहेत. कुणी काही सांगू शकेल का?

---

शेवंता_७

वाचनखूण साठवली. लेखनशैली झकास, एवढी वर्षं गप्प का होता?

---

तर्कटराव

छान लिहिलंय, पण जरा थंड डोक्याने बघू. १९४४ साली ब्रिटिश सैन्यात साध्या शिपायाला विमानात कोण बसवणार? विमानं आधीच अपुरी होती. गोरे अधिकारी बसले असतील. माझ्या मते आजोबांनी मित्राची गोष्ट स्वतःच्या नावावर खपवली असावी. म्हाताऱ्यांचं असं होतं. आमच्याकडे एक चुलत आजोबा होते, ते ‘गांधींना पाणी दिलं’ म्हणून सांगत. हिशेब केला तर तेव्हा ते दीड वर्षाचे निघाले.

---

निवृत्त_फिटर

तर्कटराव, इथे तुमचा अंदाज साफ चुकला.

मी वायुसेनेत एअरफ्रेम फिटर होतो. सत्तरच्या दशकात डाकोटा या मालवाहू विमानावर हात काळे केलेत, तेव्हाही ती सेवेत होती. त्यामुळे या विषयावर जरा लांबण लागेल, माफ करा.

पहिलं म्हणजे जी.एस.डब्ल्यू. म्हणजे गनशॉट वूंड. डाव्या मांडीत गोळी. तारीख एप्रिल ४४. म्हणजे माळरान यांचे आजोबा वेढा पडला त्या सुमाराला जखमी होते. आता विचार करा, रस्ता तुटलाय, मांडीत गोळी असलेला माणूस चालत दिमापूरला जाणार का? त्या वेढ्याच्या काळात इंफाळहून साधारण १३ हजार जखमी आणि आजारी विमानाने बाहेर काढले. तेरा हजार! ते काय सगळे गोरे साहेब होते? सैन्यच मुळात बहुतांश हिंदी होतं.

जखमींपेक्षाही मोठा आकडा दुसराच आहे. जवळपास ४३ हजार बिगरलढाऊ माणसं विमानाने बाहेर नेली. रस्ते आणि धावपट्ट्या बांधणारे मजूर आणि इतर. कारण सरळ आहे, जो लढत नाही तो फक्त खातो, आणि खायला तर विमानानेच आणायचं. त्यामुळे त्या तीन महिन्यांत ज्यांनी जन्मात मोटार पाहिली नव्हती असे हजारो लोक विमानात बसले. तेव्हा शिपाई विमानात बसला यात नवल काही नाही.

विमानं कशी वापरत ते सांगतो. येताना माल, जाताना माणसं. रिकामं विमान परत नेणं हा गुन्हाच समजा. डाकोटा अडीच-तीन टन उचलते. वेढ्यात साधारण १९ हजार टन माल आत आला आणि १२ हजारांवर ताज्या दमाचे सैनिक आले. १९ हजार भागिले तीन करा, म्हणजे नुसत्या मालाच्या सहा हजारांवर फेऱ्या. अर्थात डाकोटा एकटी नव्हती, दुप्पट माल नेणारी मोठी कमांडो विमानंही होती, पण अंदाज येतो. माल म्हणजे दारूगोळा, दहा लाख गॅलनच्या वर पेट्रोल, पीठ, तांदूळ, हजाराच्या वर टपालाच्या थैल्या आणि चार कोटी सिगारेटी.

आणि जनावरांचा चारा.

हो. ११ हजार जनावरं होती ना? मोटार जाणार नाही अशा डोंगरातल्या चौक्यांना रसद खेचरांवरून जायची. खेचर पेट्रोलवर चालत नाही. त्याचा चारा विमानाने यायचा.

आता डाकोटा आतून बघा. शेपटीचं चाक मागे बारीक असतं, त्यामुळे विमान जमिनीवर नाक वर करून बसतं. आतली जमीन चढणीची. डाव्या अंगाला मागच्या बाजूला मालाचं दार. तिथून माल आत घ्यायचा आणि चढण चढून पुढे रचायचा. जमिनीला दोर बांधायच्या कड्या आणि खाचा असतात. त्या खाचांत एकदा काही अडकलं की झाडूने निघत नाही. मी एकदा साधा भुसा निघावा म्हणून स्क्रूड्रायव्हर घेऊन अख्खी दुपार गुडघ्यावर घालवलीय. वेढ्यात कोण झाडत बसणार? चाऱ्याच्या गठड्या उतरवल्या, स्ट्रेचर आत सरकवले, उडाले. वीस-पंचवीस मिनिटांत विमान पुन्हा हवेत.

तेव्हा माळरान, तुमच्या आजोबांच्या खाली ‘कडबा’ होता हे मला शंभर टक्के पटतं. फक्त तो ज्वारीचा कडबा नसणार, दाबून बांधलेलं वाळकं गवत असणार.

---

माळरान

फिटरसाहेब, दंडवत. काय लिहू सुचत नाहीये. ही पोस्ट आईला मोठ्याने वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, उठून स्वयंपाकघरात गेली.

आणि आमच्या आबांना जनावराच्या तोंडात जाणारं सगळं ‘कडबा’च. घास, गवत, पेंढा, सगळं.

---

शेवंता_७

चार कोटी सिगारेटी?? भागाकार केला. दीड लाख माणसं धरली तर माणशी अडीचशेच्या वर, म्हणजे वेढ्याभर दिवसाला तीन. एवढ्या मारामारीत तीनच मिळत असतील तर भांडणं कशावरून होत असतील ते कळलं.

---

चिंतूचा_बाप

अवांतर: माझे सासरे तीनवर भागवूच शकले नसते. जपान्यांना शरण गेले असते.

---

जुनाखंड

फिटरसाहेबांनी वरची बाजू मांडली, मी जमिनीवरची मांडतो. मी लष्करी इतिहासाचा हौशी वाचक, व्यवसायाने बँकवाला.

आजोबा चौथ्या मराठात होते म्हटल्यावर एक नाव डोळ्यांपुढे येतंच: सांगशाक. इंफाळच्या ईशान्येला उख्रुलकडच्या डोंगरातलं तांगखुल नागांचं गाव. मार्च १९४४ मध्ये तिथे ५०वी हिंदी पॅराशूट ब्रिगेड होती आणि तिच्या जोडीला ४/५ मराठा. जपानी कोहिमाकडे निघाले होते, त्यांच्या वाटेत हे आले. सुमारे २० ते २६ मार्च, लढाई डोंगरमाथ्यावर. माथा खडकाळ, खंदक खोल खणता येईनात. पाणी नाही. गावातल्या चर्चभोवती हातघाईची लढाई. वरून विमानांनी रसद टाकली तर जागा इतकी चिंचोळी की बरीचशी पॅराशूटं जपान्यांकडे पडली. उपाशी माणसाच्या डोळ्यांदेखत त्याचं जेवण दुसऱ्याच्या ताटात पडावं, तसं.

२६ तारखेच्या रात्री माघारीचा हुकूम आला. ज्यांना चालता येत होतं ते जंगलातून, डोंगर उतरून इंफाळकडे निघाले. पण त्या आठवड्यामुळे जपान्यांचे मोलाचे दिवस वाया गेले आणि कोहिमाला तेवढी सवड मिळाली. सांगशाकचं श्रेय बरीच वर्षं कुणी दिलंच नाही, उलट माघार घेतली म्हणून ब्रिगेडला बोल लावले गेले. आपल्याकडेही शाळेत याबद्दल एक ओळ नाही. मला हे खटकतं. इटलीतल्या यशवंत घाडगेंचं नाव निदान माहीत असतं, सांगशाकचं तर गावही नकाशात सापडत नाही कुणाला.

आता जुळवा. २६ मार्चच्या रात्री सांगशाक सोडलं. पुढचे काही दिवस डोंगरात. २९ला रस्ता बंद. एप्रिलची नोंद. मांडीत गोळी. पुढचं फिटरसाहेबांनी सांगितलंच.

---

तर्कटराव

मान्य, पोस्ट क्र. १ मधला माझा तर्क फिसकटला. पण एक लक्षात घ्या. चौथी मराठा एरवी २३व्या डिव्हिजनमध्ये होती आणि ती डिव्हिजन त्यानंतरही इंफाळभोवती लढतच होती. त्यामुळे गोळी सांगशाकलाच लागली असं ठामपणे म्हणता येणार नाही. आणि विमान कोइरेंगेईहूनच उडालं असंही नाही, पालेल किंवा तुलिहलही असू शकेल. ‘माझे आजोबा याच डांबरावरून उडाले’ हे वाक्य लिहू नका, एवढंच.

---

जुनाखंड

हे बरोबर आहे. +१.

---

माळरान

कबूल. ‘याच खोऱ्यातून’ एवढंच म्हणेन.

---

गुवाहाटीकर

मूळचा नगरचा, गेली अकरा वर्षं आसामात. या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

इकडे वरच्या आसामात युद्धाच्या खुणा अजून लोकांच्या घरात आहेत. चाबुआ, दिनजान ही नावं ऐकली असतील, तिथून अमेरिकन विमानं हिमालयाच्या फाट्यावरून चीनला माल न्यायची, त्या मार्गाला ते ‘हंप’ म्हणत. त्या काळात झटपट धावपट्टी करायला अमेरिकनांनी भोकाभोकाचे लोखंडी पत्रे आणले होते. दहा फूट लांब, सव्वा फूट रुंद, ६६ पौंड वजन, एकात ८७ भोकं. कडेला आकडे, एकमेकांत अडकवत जायचं की झाली जमीन टणक. युद्ध संपलं आणि हे पत्रे पसरले सगळीकडे. मी चहाच्या मळ्याकडे जाताना कुंपणाला, गोठ्याला, नाल्यावरच्या साकवाला तेच लावलेले पाहिलेत. ऐंशी वर्षांत गंज चढलाय, पण मोडत नाहीत. एका घरी म्हातारीने त्यावर सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या. भोकांमुळे खालून हवा लागते म्हणे.

इंफाळकडे आणखी एक युक्ती होती, डांबरात बुडवलेलं गोणपाट. त्याचे तागे जमिनीवर अंथरून एकमेकांवर थोडे चढवून चिकटवायचे, की पावसाचं पाणी आत मुरत नाही. बंगालात ताग अमाप, त्यामुळे परवडलं. रस्त्यांना आणि विमानपट्ट्यांना दोन्हीकडे वापरलं. म्हणजे एकीकडे अमेरिकन पोलाद आणि दुसरीकडे आपलं पोतं.

मैतेई लोक त्या युद्धाला ‘जपान लान’ म्हणतात, लान म्हणजे युद्ध. त्यांच्या दृष्टीने ते १९४४ ला सुरूच होत नाही. १० मे १९४२ ला इंफाळवर पहिले बॉम्ब पडले आणि शहर रिकामं झालं, लोक नातेवाइकांकडे खेड्यांत पळाले. मग परत आले तेव्हा भाताची खाचरं होती तिथे छावण्या, रस्ते, धावपट्ट्या. आपण ब्रिटिशांचं ‘चौदावं सैन्य’, ‘जपानी डिव्हिजन’ म्हणत बसतो, पण खाचर त्यांचं होतं हे विसरून चालत नाही.

---

शेवंता_७

सुपाऱ्यांचा फोटो आहे का? असेल तर टाका ना.

---

गुवाहाटीकर

नाही हो. म्हातारीने काढू दिला नाही.

---

जुनाखंड

माळरान, तुम्ही कोइरेंगेईला उभे होतात तेव्हा एका अंगाला एक लांबट उंच डोंगर दिसला असेल. तो नुंगशिगुम. हा डोंगर पडला असता तर फिटरसाहेबांचा सगळा हिशेब तिथेच संपला असता.

माथ्यावरून धावपट्टी तळहातासारखी दिसते. तिथे जपानी तोफा चढल्या असत्या तर एकही डाकोटा उतरू शकली नसती. म्हणून एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात तो डोंगर हातातून हातात गेला. ६ एप्रिलला तिथे ९व्या जाटचे जमादार अब्दुल हफीज मशीनगनच्या माऱ्यात स्वतः पुढे होऊन चढले, जखमी झाले तरी थांबले नाहीत, तिथेच गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण जपानी पुन्हा वर आले.

१३ एप्रिलला जे झालं ते मला अजून खरं वाटत नाही. १७व्या डोगराची पहिली पलटण आणि सोबत कॅराबिनियर्स या ब्रिटिश रेजिमेंटच्या एका स्क्वाड्रनचे रणगाडे. रणगाडे डोंगरावर! घोड्याला अवघड अशा चढावर ली रणगाडे चढवले. सोंड इतकी अरुंद की एकामागे एकच जाईल, आणि वाट दिसावी म्हणून कमांडर टोपातून डोकं बाहेर काढून उभे. त्यामुळे एकामागून एक सगळे इंग्रज अधिकारी पडले, पायदळाचेही आणि रणगाड्यांचेही. शेवटी रणगाडे हाती घेतले सार्जंट मेजर क्रॅडॉकने आणि डोगरांची सूत्रं सुभेदार रणबीर सिंग आणि सुभेदार तिरू राम यांनी. त्या तिघांनी मिळून माथा घेतला. कॅराबिनियर्सच्या वारसदार पलटणीत आजही १३ एप्रिलला त्या स्क्वाड्रनचा ताबा अधिकाऱ्यांऐवजी सार्जंट मेजरकडे असतो.

खाली पट्टीवर त्या दिवशीही माल उतरत होता.

---

निवृत्त_फिटर

पट्टीवर आपली माणसंही होती बरं का. वायुसेनेची एक नंबर स्क्वाड्रन फेब्रुवारी १९४४ मध्ये कोहाटहून इंफाळला आली, हरिकेन विमानं घेऊन. स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग, तेव्हा वय २४. पुढे ते हवाई दलाचे मार्शल झाले. टेहळणी करणं आणि शत्रूच्या फळ्यांवर खाली उतरून मारा करणं हे काम. इंफाळमध्येच माउंटबॅटनने त्यांच्या छातीवर डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक लावलं.

वैमानिकांबद्दल सगळे लिहितात. मी खालच्या पोरांबद्दल सांगतो. दिवसभर इंजिनं उघडायची, पंखांच्या भोकांना ठिगळं लावायची, आणि रात्री हातात रायफल घेऊन विमानाशेजारच्या खंदकात झोपायचं. कारण धावपट्टीचे संरक्षक तेच. स्पॅनर आणि रायफल एकाच माणसाकडे. पालेलला तर जपानी टोळीने जुलैच्या सुरुवातीला रात्री आत शिरून उभी विमानं उडवली होती. आम्हाला प्रशिक्षणात जुने वॉरंट ऑफिसर सांगायचे, “रात्री पाना कुठे ठेवलास ते अंधारात हाताला लागलं पाहिजे.” तेव्हा वाटायचं उगाच शिस्त लावतायत.

---

रणझुंजार

पालेलचं नाव काढलंत आणि आझाद हिंद सेनेचा उल्लेखही नाही? गांधी ब्रिगेडने पालेलच्या विमानतळावर हल्ला केला होता. आपले खरे स्वातंत्र्यसैनिक ते. धाग्यात गोऱ्यांच्या भाडोत्री सैन्याचंच कौतुक चाललंय.

---

माळरान

उल्लेख राहिला हे खरं, ते लिहायलाच हवं होतं. इनायत कियानींच्या गांधी ब्रिगेडची माणसं जड सामान मागे ठेवून डोंगरातून पालेलवर गेली आणि उपासमारीत लढली. मोइरांगला १४ एप्रिल १९४४ ला शौकत मलिकांनी तिरंगा फडकवला, तिथलं स्मारकही मी बघून आलो, वहीत सहीसुद्धा करून आलो.

पण ‘भाडोत्री’ हा शब्द माझ्या आजोबांसाठी वापरू नका, एवढी विनंती. १९४१ साली त्यांच्या घरात दोन एकर कोरडवाहू आणि सात तोंडं होती.

---

रणझुंजार

शब्द मागे घेतो. वैयक्तिक नव्हतं.

---

संपादक

दोघांचेही आभार. या विषयावर स्वतंत्र धागा काढावा, इथे मूळ विषय चालू द्या.

---

चिंतूचा_बाप

संपादकांना एवढ्या लवकर यावं लागलं तरी धाग्याचं काश्मीर झालं नाही, हा या संस्थळाचा विक्रम.

---

जुनाखंड

माळरान, एक विचारायचं राहिलं. विमानातून उतरल्यावर कुठे नेलं, याबद्दल आजोबा काही बोलायचे का? परतीची विमानं कोमिला, आगरतळा, सिल्हेट, चितगाव अशा ठिकाणी जात. त्यातही कोमिलाला (तेव्हा बंगालात, आता बांगलादेशात) लष्करी इस्पितळांचा मोठा तळ होता. तिथे मयनामतीला आजही युद्धस्मशान आहे, त्यात इस्पितळात दगावलेले बरेच.

---

माळरान

एक मिनिट.

कोमिला??

आईला फोन करतो.

---

माळरान

मंडळी, आईशी बोललो, मग आत्याशी बोललो (म्हणजे आईची आत्या, आबांची धाकटी बहीण, वय वर्षं ९१, कान शाबूत). आता दम घेऊन लिहितो.

आबा म्हणायचे, “इमानातनं उतरलो आन् दोन म्हैने कोमल्याला व्हतो.” घरात सगळ्यांनी हे ‘कोमलाकडं होतो’ असं ऐकलं. म्हणजे कोमला नावाची कुणी बाई. नर्स असणार, असं आजीनेच ठरवलं. आणि त्यावरून आजीने त्यांना पन्नास वर्षं छळलं. भाकरी करपली की “कोमला करत व्हती का अशी?” आबांनी कधी एसटीत खिडकीशेजारी बसून बाहेर बघितलं की “कोमला आठवली वाटतं.” आबा बिचारे सांगत, “आगं गाव हाय ते.” आजी म्हणायची, “व्हय, गावच असंल, सगळ्या गावाचीच असंल ती.”

जुनाखंड, तुम्ही एका वाक्यात आमच्या घरातलं अर्धशतकाचं भांडण मिटवलंत. फक्त भांडणारे दोघंही राहिले नाहीत.

---

निवृत्त_फिटर

😂 डोळ्यांत पाणी आलं हसून.

---

शेवंता_७

अरे देवा, बिचारे आबा!!

---

तर्कटराव

माझ्या लेखी हा पुरावा डिस्चार्ज बुकापेक्षा भक्कम आहे. कोरेगाव तालुक्यातला माणूस कोमिलाचं नाव उगाच कुठून काढेल? मी माझा सगळा संशय मागे घेतो. चुलत आजोबांवरचा मात्र कायम.

---

माळरान

आणखी एक. आत्याला म्हटलं, आता तरी कळलं ना, कोमला बाई नव्हती, बंगालमधलं गाव होतं. ती म्हणाली, ते तिला तेव्हाच माहीत होतं, भावाने तिला सांगितलं होतं. मग वहिनीला का नाही सांगितलंस? तर म्हणते, “सांगितलं व्हतं की. तवर तिनं गाईचं नाव ठिवलं व्हतं.”

कोमला आमची काळी गाय होती. मला पुसटशी आठवते. धार काढताना फक्त आबांना लाथ मारायची.